सज्जन मागे सरतो तेव्हा

4 ऑगस्ट 1927 रोजी महाडच्या नगरपालिकेने स्वतःचाच ठराव रद्द केला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने 1923 साली मंजूर केला होता. त्याला धरून महाडने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. तीन वर्षे तो ठराव कुणालाच खुपला नाही, कारण तो दप्तरात होता. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि अस्पृश्यांच्या परिषदेला महाडात आलेली माणसे त्यांच्यामागून तळ्यात उतरून ओंजळीने पाणी प्याली, तेव्हा कुठे गावाला त्याचा अर्थ कळला.

बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाला अशा प्रसंगात काय म्हणायचे आहे? वरवर पाहता तो ग्रंथ फार सरळसोट. एका बाजूला नीतिमान, दुसऱ्या बाजूला दुर्जन. एकाचे भले होणार, दुसऱ्याचे वाटोळे. पण दुर्जन ओळखायचा कशावरून, हे सांगताना हा ग्रंथ देवळात जात नाही, बाजारात जातो. तराजूत खोट कुणाची, भाव चढावा म्हणून धान्य दाबून कोण बसला, बांधाचा दगड रात्रीतून कुणी सरकवला, असल्या चौकशा त्यात आहेत. शत्रू तहानलेला असला तरी त्याला पाणी द्यावे, असेही तो सांगतो. पाणी मागणारा शत्रू नसून गावाबाहेर राहणारा शेजारीच असेल, ही शक्यता त्याने गृहीतही धरलेली नाही.

हा ग्रंथ महाडच्या रायगड जिल्ह्याला परका नाही. ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे बेने इस्रायली ज्यू शतकानुशतके याच जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवत होते. त्यांची बोली मराठी, आणि खोट्या मापाला देव विटतो हे सांगणारा ग्रंथ त्यांच्या धर्मग्रंथांतलाच. पुढे 1823 मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी आपले पहिले ठाणे मांडले तेही सावित्री नदीच्या मुखाशी, बाणकोटला.

तर पुन्हा महाड. पाणी पिऊन लोक परतले आणि गावात आवई उठली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपात जेवत असलेल्यांवर, वाटेने घरी निघालेल्यांवर काठ्या पडल्या. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. उलट हात उगारायला उतावीळ झालेली तरुण पोरे कमी नव्हती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. मग तळ्याची शुद्धी झाली: 108 घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही, मंत्र. शुद्धी करणारे स्वतःला धर्माचे राखणदार समजत होते, आणि इथे नीतिमान-दुर्जन या दोन रांगांचे गणित अडते. स्वतःला दुर्जन म्हणवणारा माणूस महाडात तेव्हा एकही सापडला नसता. ‘नीतिसूत्रे’च्या शेवटाकडे मात्र एक पिढी येते. स्वतःच्या नजरेत ती निर्मळ आहे, अंगावरचा मळ मात्र धुतलेला नाही. घागरींची मोजदाद करणाऱ्यांचे इतके नेमके चित्र दुसरीकडे मिळणे अवघड.

पण काठी चालवणाऱ्यांपेक्षा नगरपालिकेचे वागणे अधिक विचार करायला लावते. दुर्जनापुढे नमलेला सज्जन म्हणजे गढूळ केलेला झरा, असे हाच ग्रंथ म्हणतो. ठराव करणाऱ्यांचा हेतू खोटा होता असे मानायचे कारण नाही. सुरेंद्रनाथ टिपणीस नगराध्यक्ष होते आणि चळवळीच्या बाजूने शेवटपर्यंत उभे राहिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भरलेल्या दुसऱ्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी स्वतःची जागा दिली. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्माने ब्राह्मण. म्हणजे उभे राहणे अशक्य नव्हते. संस्था तेवढी बसली. प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 17 मार्च 1937 उजाडावा लागला. सवर्ण वादींना आपली वहिवाट सिद्ध करता आली नाही.

‘नीतिसूत्रे’च्या या हिशेबाला एक धोकादायक शेपूट आहे. सज्जनाचे भले होते हे एकदा मानले, की ज्याचे वाईट झाले त्याने काहीतरी केले असणार, असे वाटू लागते. बायबलमधल्याच ‘ईयोब’ या ग्रंथात मित्र राखेत बसलेल्या ईयोबाला हेच ऐकवतात, आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. इथलेच उदाहरण घ्या: महाडच्या परिषदेसाठी राबलेले रा. बा. मोरे दासगावचे, डिसेंबरमध्ये बाबासाहेब बोटीने उतरले तेही दासगावलाच. जुलै 2005 मध्ये त्याच दासगावावर दरड कोसळली. जुई, रोहन, कोंडिवते या गावांवरही. 22 जुलै 2021 रोजी तळिये गावात 80हून अधिक माणसे डोंगराखाली गेली आणि त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे, साखरसुतारवाडीतही घरे गाडली गेली. तिथे कुणाचे पाप शोधणार? ‘उपदेशक’ ग्रंथाने हे आधीच ओळखले होते: नीतिमान लवकर जातो, दुष्ट लांबलचक जगतो, असे तो कुठलीही सारवासारव न करता नोंदवतो.

मात्र प्रत्येक ढिगारा डोंगराचा नसतो. 24 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी महाडच्या काजळपुरा भागातली ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत बसली; 16 जण गेले. इमारत जुनीपुराणी नव्हती. ‘अनुवाद’ या ग्रंथात घर बांधणाऱ्यासाठी एक साधा नियम आहे: छताला कठडा करावा, म्हणजे कुणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. तारिक गार्डन प्रकरणात दोषी कोण, ते न्यायालय ठरवेल. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो बिल्डरवर, आर्किटेक्टवर, सल्लागार इंजिनिअरवर. आणि नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांवरही.