बियांची राखण

माणूस घरात नाना गोष्टी जमवतो. पुस्तकं, नाणी, पितळी भांडी, जुनी पत्रं. या सगळ्या निर्जीव वस्तू असतात आणि काळापुढे निमूटपणे झिजत जातात. बियांचा डबा या वस्तूंच्याच फडताळात ठेवला तरी त्यांच्यापेक्षा वेगळा असतो, कारण त्यातला प्रत्येक दाणा जिवंत असतो. हातात घेतला तर दगडासारखा कडक लागणारा वालाचा दाणा आत एक पुरा अंकुर बाळगून असतो. त्याचा श्वास जवळजवळ थांबलेला असतो, पण वय थांबलेलं नसतं. त्याच्या पेशींची पडझड हळूहळू साचत जाते. पाणी मिळाल्यावर त्यातली बरीचशी तो दुरुस्त करतो, मात्र एका मर्यादेपलीकडे दुरुस्तीही चालत नाही. बी जपणारा माणूस या म्हातारपणाचा वेग तेवढा कमी करतो. म्हातारपण थांबवणं कुणाच्याच हातात नाही.

हा वेग दोन गोष्टी ठरवतात: बियांतली ओल आणि भोवतालची उष्णता. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरिंग्टन यांनी यासाठी एक ठोकताळा सांगितला, तो आजही बियाण्यांच्या जगात सगळ्यांना पाठ असतो. बियांतली ओल एक टक्क्याने कमी केली की आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सियसने उतरवलं की पुन्हा दुप्पट. या हिशोबाने ३० अंशांवर एक वर्ष टिकणारं बी ५ अंशांवर तिसाहून अधिक वर्षं टिकायला हवं. प्रत्यक्षात निसर्ग इतका सरळ हिशोब पाळत नाही, पण दिशा बरोबर आहे. दुसरा एक सोपा आडाखा असा, की फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या दमटपणाची टक्केवारी यांची बेरीज शंभराच्या आत असावी. आषाढातल्या कोकणात किंवा मुंबईत ही बेरीज करून पाहावी. तापमान ८० आणि दमटपणा ८५ धरला तरी आकडा १६५ वर जातो. आपल्याकडे बियांचा खरा शत्रू उन्हाळा नसून पावसाळा आहे, हे या एका बेरजेत कळतं.

जुन्या घरांना ही बेरीज माहीत नव्हती, तरी उत्तर माहीत होतं. चुलीच्या वर, आढ्याला, मक्याची कणसं आणि दोडक्याची वाळकी फळं टांगलेली असत. खाली रोज जाळ पेटे, धूर वर जाई, त्यामुळे ऐन पावसातही त्या जागी कोरडेपणा राही आणि किडा फिरकत नसे. कडधान्याचं बी राखेत घोळवून गाडग्यात भरत. बारीक राख दाण्यांमधल्या फटी बुजवते, भुंगेऱ्याला फिरायला जागा ठेवत नाही आणि त्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडून त्याला सुकवून मारते. गाडग्याचं तोंड शेणामातीने लिंपलं की बाहेरची हवा बंद. ‘कृषिपराशर’ या शेतीवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात बियाणं राखण्यावर वेगळा विचार आहे. माघ-फाल्गुनात बी गोळा करावं, उन्हात नीट वाळवावं, जमिनीवर ठेवू नये, पुड्या बांधाव्यात, दुसऱ्या धान्याची भेसळ निवडून काढावी आणि एकसारखा दाणा राखावा, असं तो सांगतो. आजच्या बियाणे केंद्राच्या भिंतीवर ही यादी लावली तरी तिच्यात फारसं काही बदलावं लागणार नाही.

फ्लॅटमध्ये चूल नाही, राख नाही, आढंही नाही. ओट्यावरचं कपाट मात्र असतं, आणि बिया ठेवायला घरातली तीच सगळ्यात वाईट जागा. तिथे दिवसातून चार वेळा वाफ चढते. त्यामुळे आता काम दोन पायऱ्यांत करावं लागतं. आधी वाळवणं, मग हवाबंद करणं. टोमॅटोच्या बियांभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखून धरतो, म्हणून गर दोन-तीन दिवस आंबवून बी धुऊन घेतात. मग सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, चिनी मातीच्या बशीत वाळवतात. कागदावर वाळवलं तर ते चिकटून बसतं. कडक ऊन टाळलेलं बरं. वाल किंवा घेवडा पुरता वाळला की नाही हे हातोडीने कळतं: दाण्याचे तुकडे झाले तर तो कोरडा, चेपला तर अजून ओल आहे. भोपळ्याचं बी वाकवलं की कटकन मोडायला हवं. एवढं झाल्यावर घट्ट झाकणाची काचेची बरणी, तळाशी सिलिका जेल, आणि ती बरणी फ्रिजमध्ये. फ्रिज थंड असतो पण कोरडा नसतो, म्हणून बरणीचं झाकण त्याच्या थंडीइतकंच महत्त्वाचं. बरणी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. ती खोलीइतकी उबदार होईपर्यंत थांबावं, नाहीतर थंड बियांवर बाहेरच्या हवेतलं दव धरतं आणि महिन्यांची मेहनत पाच मिनिटांत वाया जाते.

यानंतर प्रश्न येतो मांडणीचा, आणि इथे स्वभाव उघडे पडतात. कुणी पुड्या अकारविल्ह्याने लावतो. त्यात शोधणं सोपं, पण अंबाडी आणि अळशी यांना शेजारी बसवण्यापलीकडे त्या क्रमाला काही सांगायचं नसतं. कुणी कुळाप्रमाणे लावतो: वेलभाज्या एकीकडे, वांगी-टोमॅटो-मिरची एकीकडे, शेंगा एकीकडे. या मांडणीचा फायदा परागीभवन समजायला होतो. मला हंगामाची मांडणी सगळ्यात शहाणी वाटते. मृगाचा कप्पा, दसऱ्यानंतरचा कप्पा, उन्हाळी कप्पा. बी ज्या क्रमाने मातीत जायचं त्याच क्रमाने हाताला लागतं, आणि कप्पा उघडण्याची वेळ पंचांग सांगतं. त्या कप्प्यातही पुढे अल्पायुषी बी, मागे दीर्घायुषी. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत दम सोडतं. भेंडी-मिरचीचं दोन-तीन वर्षं, चवळी-घेवड्याचं तीनेक वर्षं, टोमॅटो-वांगी-काकडी-भोपळ्याचं चार-पाच वर्षं धरून चालावं.

मांडणी बदलता येण्याजोगी मात्र हवी. अठराव्या शतकात वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने ग्रंथासारखे बांधून ठेवण्याची पद्धत होती. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने आपले कागद सुटे ठेवले, म्हणजे नवं झाड हाती आलं की जुन्यांची जागा हलवता येई. साऱ्या वनस्पतिसृष्टीला नावं देणाऱ्या माणसानेही आपला क्रम शेवटचा मानला नव्हता.

पुडीवर काय लिहायचं? नाव तर हवंच, आणि ते देणाऱ्याच्या तोंडचं हवं. ‘वांगी’ एवढं लिहिणं म्हणजे गावातल्या माणसाच्या पत्त्यात फक्त ‘माणूस’ लिहिणं. बी कुणाकडून आलं, कुठल्या गावचं, कोणत्या महिन्यात काढलं, किती झाडांवरून घेतलं, झाडात काय चांगलं दिसलं, हे चार ओळींत मावतं. पेन्सिलीने लिहावं, ओल लागली तरी अक्षर फुटत नाही. एक चिठ्ठी पुडीच्या आतही टाकावी. नाव पुसलेलं बी उगवतं खरं, पण त्याच्यामागची माणसं पुसली जातात.

ही एवढी काळजी बियांना लागते तरी का? मिशिगनमध्ये १८७९ साली विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने २० बाटल्यांत ओलसर वाळू आणि बहुतेक तणांच्या बिया भरून त्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून बिया पेरून पाहतात. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतल्याही काही बिया उगवल्या, म्हणजे १४० हून अधिक वर्षांनी. बरणी नाही, फ्रिज नाही, राखही नाही. रानटी बी स्वतःची कोठी स्वतःच असतं. परिस्थिती बरी नसेल तर ते वर्षानुवर्षं झोपून राहतं आणि सगळी भावंडं एकाच पावसात उठत नाहीत. माणसाने सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पिकं पाळायला घेतली तेव्हा त्याला सगळं बी एकदम उगवायला हवं होतं. दरवर्षी तसंच बी तो निवडत गेला, आणि पिकांची झोप उडाली. दाणे आपोआप गळून पसरण्याची सवयही आपणच मोडली. तणाला आपली गरज नाही. वालाला, भाताला, गव्हाला आहे. त्यांनी आपल्या भरवशावर स्वतःची राखण सोडून दिली, तेव्हा बी जपणं हा छंद कमी आणि त्या जुन्या कराराची आपल्या बाजूची परतफेड अधिक आहे.

या करारात काही बिया मात्र सामील झालेल्याच नाहीत. आंबा, फणस, जांभूळ, कोको यांचं बी वाळवलं की मरतं. १९७३ मध्ये रॉबर्ट्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बियांचे हे दोन वर्ग स्पष्ट केले: वाळवण आणि थंडी मानवणारे, आणि न मानवणारे. कोकणातल्या बायका आठळ्या पावसाळ्यात भाजीत घालायला मातीत घोळवून ठेवतात, त्या ओल टिकावी म्हणूनच. पण ही मुदत थोडी. आंब्याची कोय ताजी असतानाच मातीत जायला हवी. बी जपणाऱ्याच्या नादाला ही झाडं एक चांगली मर्यादा घालतात. काही गोष्टी ठेवून देता येत नाहीत, फक्त लावता येतात.

साठवण आणि वाटप यांतला ताण जगातल्या सगळ्यात मोठ्या बीजकोठ्यांनाही सुटलेला नाही. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी लेनिनग्राडच्या संस्थेत देशोदेशींचं बियाणं जमवलं. १९४१ पासून शहराला जर्मन फौजांचा वेढा पडला आणि लोक उपासमारीने मरू लागले, तेव्हा त्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांपैकी काहीजण धान्याच्या पोत्यांशेजारी भुकेने गेले, पण त्यांनी बियाणं खाल्लं नाही. भाताचे अभ्यासक द्मित्री इवानोव त्यांपैकी एक. खुद्द वाविलोव १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात मरण पावले. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ साली उघडलेल्या कोठीत बिया उणे १८ अंशांवर ठेवतात. तिथून पहिल्यांदा बी काढावं लागलं ते २०१५ मध्ये. सीरियातल्या यादवीमुळे आलेप्पोजवळची बीजपेढी हातची गेली होती. मग लेबनॉन आणि मोरोक्कोत ते बी पेरून वाढवलं आणि २०१७ मध्ये त्यातलं काही पुन्हा स्वालबार्डला नेऊन ठेवलं. त्या कोठीचं सार्थक दार बंद राहण्यात नव्हतं, वेळेवर उघडण्यात होतं.

बर्फातल्या बियांना एक उणीव राहते. बाहेर पाऊस लहरी होतो, नवे रोग येतात, आणि आतलं बी जिथे थांबलं तिथेच असतं. दरवर्षी पेरलेलं बी त्या वर्षाचं हवामान थोडं थोडं अंगी मुरवत जातं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं काम म्हणूनच मोलाचं. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान बियाणं जमवलं, शेजारणींना दिलं, पिकवून घेतलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या बीजपेढीचं भांडवल शेता-परसात फिरत राहतं, म्हणून ती जिवंत आहे.

घरगुती बागेवाल्याला नेमकं हेच जड जातं. पुड्या जमवण्याचा मोह पेरण्यापेक्षा मोठा होतो. गच्चीवर दहा कुंड्या आणि डब्यात शंभर जाती, हा हिशोब जुळत नाही. वाल, चवळी, टोमॅटो बहुतांशी स्वतःच्याच परागांवर फळतात, त्यांचं शुद्ध बी थोड्या झाडांवरूनही मिळतं. काकडी-भोपळ्याचं तसं नाही. मधमाशी शेजारच्या गच्चीवरून पराग आणते, म्हणून मादी फूल आदल्या संध्याकाळी बांधून ठेवून हाताने फळवावं लागतं, शिवाय बी बऱ्याच झाडांवरून घ्यावं लागतं. संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी आईबापांसारखं निघत नाही, त्याची साठवण निरर्थक. तेव्हा चार-पाच गावरान जाती निवडाव्यात आणि बाकीच्या ज्यांच्याकडे जागा आहे त्यांना द्याव्यात. कायदाही आड येत नाही. २००१ च्या वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकाचं बी राखण्याची, पेरण्याची, बदलण्याची, वाटण्याची, इतकंच काय विकण्याचीही मुभा दिली आहे. संरक्षित वाणाचं बी स्वतःची नाममुद्रा लावून विकता येत नाही, एवढंच.

मृगाला अवकाश असताना एकदा डबा उघडा. प्रत्येक जुन्या पुडीतले दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवा. आठ उगवले तर निश्चिंत राहा. पाच उगवले तर दुप्पट पेरा. दोनच उगवले तर पुडीतलं सगळं बी याच वर्षी मातीत घाला, पुढच्या वर्षी ते उरणार नाही. आणि जे चांगलं उगवलं त्यातलं अर्धं, नावगाव लिहून, दुसऱ्या कुणाच्या घरी पोचतं करा. तुमची बरणी फुटली, फ्रिज बंद पडला, वेल करपला, तर तुमचं बी तुम्हाला तिथेच परत मिळेल.