थळ आणि राजीनामा

‘राजीनामा’ हा शब्द आज कानी पडला की कोणी तरी खुर्ची सोडली एवढाच अर्थ मनात येतो. परंतु शिवनेरीच्या पायथ्याशी जुन्नरचे कागदी ज्या काळी तागाच्या जुन्या गोण्या भिजवून, कुटून आणि घोटून कागद करीत होते, त्या काळी राजीनामा म्हणजे कज्जा सुरू होण्यापूर्वी वादी आणि प्रतिवादी या उभयतांनी आपखुशीने लिहून दिलेली कबुली होती की, अमुक थळी, अमुक पंचांपुढे आमचा वाद पडावा आणि ते जो निवाडा करतील तो आम्हांस मान्य असावा. राजीनाम्यातील राजी हा शब्द कागदावर शोभेसाठी येत नसे. तो नसेल तर पंचायतीला बसण्याचा अधिकारच उत्पन्न होत नसे. त्याच्या जोडीचा दुसरा शब्द ‘थळ’, म्हणजे निवाड्याचे ठिकाण, हा तर आता जवळजवळ विस्मरणात गेला आहे. आपल्या गावचे वतनदार प्रतिपक्षाला मिळालेले आहेत अशी शंका ज्यास येई, तो दुसऱ्या गावचे किंवा दुसऱ्या परगण्याचे थळ मागत असे, आणि ते देण्याची वहिवाट होती.

व्यापारी लवाद चांगला की न्यायालय चांगले, ही चर्चा हल्ली बहुधा वेग आणि खर्च या दोन मापांनी केली जाते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या इतिहासाकडे पाहता मला मात्र असे वाटू लागले आहे की, ही दोन्ही मापे दुय्यम होत. खरा प्रश्न थळ कोणी ठरविले आणि राजीनामा कोणी व केव्हा लिहिला हा आहे.

राजसत्तेबाहेर न्याय मिळविण्याची कल्पना या भूमीत फार जुनी. नाणेघाटाने कोकणातून चढून येणारा माल ज्या बाजारपेठेत उतरे, त्या जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, काशाची भांडी घडविणारे अशा व्यावसायिकांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत; धर्मकार्यासाठी दिलेली ठेव या श्रेणींकडे ठेवावी आणि त्यांनी तिच्या उत्पन्नातून ते कार्य अखंड चालवावे, असा तो व्यवहार होता. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या ठेवीचा विश्वास टाकला जाई, त्यांच्याच हाती आपापसांतील तंट्यांचा निर्णयही असावा हे ओघाने आले. याज्ञवल्क्यस्मृतीने कुल, श्रेणी आणि पूग यांस निर्णयाचा अधिकार देऊन त्यांच्या वर राजाने नेमलेल्या अधिकाऱ्यांची पायरी ठेवली, ती या व्यवहाराला दिलेली शास्त्रीय मान्यताच होय. श्रेणीचा निवाडा मानला जाई याचे कारण उघड आहे. हरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच पेठेत दुकान उघडावयाचे असे.

मराठी राज्यात गोतसभा आणि पंचायत यांनी हीच कल्पना गावगाड्यात मुरविली. उभय पक्षांच्या तकरिरी, म्हणजे जबान्या, लिहून घ्याव्या, जामीन घ्यावे, साक्षी पुरसाव्या, महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, करावा, हरणाऱ्याकडून आपला दावा खोटा ठरल्याचे यजितखत लिहून घ्यावे, जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकारात जमा करावी, असा तो क्रम होता. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही आपली म्हण याच व्यवस्थेची श्रद्धा सांगते. परंतु त्या श्रद्धेने डोळे दिपवून घेण्याचे कारण नाही. गोतात बसणारे बहुधा वतनदार असत. डोंगरपट्ट्यातील कोळ्याचा, महाराचा किंवा विधवेचा शब्द त्या बैठकीत देशमुखाच्या शब्दाइतका जड पडत असेल असे मानणे भोळेपणाचे होईल. शिवाय एका थळी हरलेला मनुष्य दुसऱ्या थळी तोच कज्जा उकरून काढी आणि वतनाचे तंटे दोन-दोन पिढ्या रेंगाळत. विलंब हा इंग्रजी न्यायालयांनी या देशात आणलेला रोग आहे, असे म्हणणाऱ्यांनी पेशवाईतील निवाडपत्रे एकदा सवडीने वाचावीत.

पेशवाईचा अस्त झाल्यावर दख्खनचा कमिशनर झालेल्या माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीचे दोष स्वच्छ लिहिले: ती सावकाश चाले, पंचांना वेतन नसल्याने ते कंटाळत, साक्षीदारास ओढून आणण्याची शक्ती तिच्यात नसे, आणि निवाडा अमलात येणे अंमलदाराच्या मर्जीवर राही. तरीही एवढ्या दोषांसह ती लोकांच्या उपयोगी पडली होती, म्हणून तो तिला मोडण्याऐवजी जपू पाहत होता. त्याच अहवालात त्याने तगाद्याचेही वर्णन केले आहे. सावकाराने ऋणकोच्या दारी माणूस बसवावा, धरणे धरावे, त्याचे जाणेयेणे अडवावे, आणि सरकारने त्याकडे कानाडोळा करावा, ही कर्जवसुलीची त्या काळची सर्रास रीत होती. म्हणजे पंचायतीच्या मागे जी जबरी नव्हती ती तगाद्याच्या रूपाने पेठेत मोकळी हिंडत होती. १८२७ च्या मुंबई कायदेसंहितेतील सातव्या रेग्युलेशनने लवादाला जागा ठेवली खरी, पण शेजारीच पगारी मुन्सफ, वकील आणि हुकूमनामा बजावणारा बेलीफ येऊन बसल्यावर बिनपगारी पंचांकडे जाणार कोण?

न्यायालय आले, आणि त्याबरोबर सावकाराला आयतीच जबरी मिळाली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. रयतेचे संरक्षण व्हावे हा कदाचित हेतू असेल, पण फळ उलटे आले, कारण दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेण्याची चाल पडली. तालुक्याच्या कचेरीपर्यंत जाण्याचे भय, वकिलाची फी आणि बुडणारा दिवस यांमुळे कूळ हजरच होत नसे, आणि दावे एकतर्फी निकाली निघत. आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातील जांभोरीच्या होन्या भागोजी केंगल्याने १८७३ च्या सुमारास सावकारांवर घाले घालून त्यांची नाके कापण्यास सुरुवात केली, आणि १८७६ साली तो पकडला गेला. मधल्या काळात, १२ मे १८७५ रोजी, भीमथडीतील सुपे येथे रयतेने सावकारांची घरे फोडून रोख्यांच्या आणि हुकूमनाम्यांच्या कागदांची होळी केली. होन्याने माणसांवर हात टाकला, सुप्याने कागदांवर. कागदावरचा राग मला अधिक अर्थपूर्ण वाटतो; ज्या कागदावर आपण राजी होतो असे लिहिले आहे आणि ज्यावर आपण खरे तर कधीच राजी नव्हतो, तो कागद जाळण्याची बुद्धी रयतेला झाली.

त्याच सुमारास पुण्यात न्यायमूर्ती रानडे, सार्वजनिक काका आणि सार्वजनिक सभेची मंडळी लवाद कोर्ट उभे करीत होती. सरकारी दरबारी न जाता स्वजनांनी स्वजनांचे तंटे तोडावेत, हा त्यामागील विचार केवळ काटकसरीचा नव्हता. त्यात स्वराज्याचे एक लहानसे बीज होते. गंमत अशी की, १८८७ साली हेच रानडे १८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याखालील विशेष न्यायाधीश झाले, आणि लवादाचा पुरस्कर्ता न्यायालयांवर देखरेख करू लागला. या कायद्याकडे मी थोडे थांबून पाहणार आहे, कारण थळ आणि राजीनामा या दोहोंचा विचार त्यात नकळत पुन्हा अवतरलेला आहे. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्याने सांगितले की, शेतकऱ्यावरील दावा तो जेथे राहतो तेथील न्यायालयातच लावावा, अन्यत्र नाही. रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता ते न्यायाधीशाने तपासावे. आणि दावा दाखल करण्यापूर्वी सलोखा करविणाऱ्या, म्हणजे ‘कॉन्सिलिएटर’ नावाच्या गृहस्थापुढे जाऊन समेट न झाल्याचा दाखला आणावा. हे सलोखे पुढे बरेचसे उपचारापुरते उरले आणि तो भाग कायद्यातून गळाला. पण कल्पना मेली नाही. २०१८ साली व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन तीन लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या व्यापारी दाव्यात, तातडीची दाद मागितलेली नसेल तर, आधी मध्यस्थीकडे जाणे भाग झाले, तेव्हा १८७९ चा तो दाखलाच नवीन पोशाखात परत आला होता.

मुंबईच्या पेढ्यांवर याच काळात निराळेच चालले होते. १८९९ चा लवाद कायदा प्रथम कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या इलाखा शहरांपुरता होता. कापसाच्या गासडीची प्रत हलकी की भारी, हे न्यायाधीशाने ठरविण्यापेक्षा कापूस हाताळण्यात ज्याची हयात गेली आहे अशा व्यापाऱ्याने ठरवावे, हे मुंबईकर व्यापाऱ्यास पटण्यासारखे होते. त्याला न्यायालयात पाऊल न टाकता लवाद नेमता येई. जुन्नरच्या व्यापाऱ्याला मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेतून, न्यायालयाच्या हाताखालूनच, त्या वाटेने जावे लागे. एकाच इलाख्यात, घाटाखाली आणि घाटावर, लवादाचे दोन कायदे नांदत होते. १९४० च्या कायद्याने हा भेद मिटविला, पण लवादाचा निवाडा न्यायालयात दाखल करून त्याचा हुकूमनामा करवून घेण्याची अट ठेवून सगळ्यांनाच न्यायालयाच्या दारी उभे केले. लवादाच्या नावाने इतकी खटलेबाजी माजली की १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानेच या कायद्याच्या कारभारावर वकील हसतात आणि विचारवंत रडतात अशा आशयाचे उद्गार काढले.

सहकाराची वाटही याच दिशेची. १९२५ च्या कायद्यात संस्थेच्या वादावर निबंधक किंवा त्याचा प्रतिनिधी लवाद म्हणून बसे; १९६० च्या कायद्याच्या ९१ व्या कलमाखालचे हे वाद पुढे सहकार न्यायालयांकडे गेले. विघ्नहर आणि भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांच्या सभासदाने सभासदत्वाच्या अर्जावर केलेली सही हाच त्याचा राजीनामा. तेथे निदान थळ जिल्ह्यातले आहे.

श्रेणीचा खरा वंशज पाहावयाचा असेल तर नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात किंवा आळेफाट्याच्या कांद्याच्या आवारात सकाळी जाऊन उभे राहावे. क्रेटमागे वजन किती धरले, पट्टीत कडता कोणत्या हिशेबाने कापला, उचल वजा झाली की नाही, यावरून रोज आवाज चढतात आणि बहुधा त्याच दिवशी खाली येतात. आडत्या, व्यापारी, मापाडी आणि शेतकरी एकमेकांना ओळखतात, आणि बाजार समितीची माणसे हाकेच्या अंतरावर असतात. येथे लवाद जलद आहे याचे श्रेय कुठल्या कलमाला देता येणार नाही; उद्या सकाळी पुन्हा याच फळीवर माल लावावयाचा आहे, हे सर्वांना ठाऊक असते.

आता दुसरे चित्र. मंचरजवळच्या माझ्या एका परिचिताने मालवाहू गाडीसाठी एका वित्तसंस्थेकडून कर्ज घेतले, दोन हंगाम भाव पडल्याने हप्ते थकले, आणि एके दिवशी शेकडो कोसांवरील एका महानगरातून लवादाची नोटीस आली. नोटीस इंग्रजीत होती. त्याने मला एकच प्रश्न विचारला, “हा पंच नेमला कोणी?” करार काढून पाहिला, तर बारीक टायपातील एका परिच्छेदात लवादाचे थळ ते महानगर राहील आणि लवाद ती वित्तसंस्था नेमील, असे लिहिले होते, आणि खाली त्याची सही होती. राजीनामा होता, राजी कोणी नव्हते.

कायदा या माणसाला काय सांगतो ते पाहा. साध्या दिवाणी दाव्यात प्रतिवादी जेथे राहतो किंवा दाव्याचे कारण जेथे घडते तेथील न्यायालयात जावे लागते, म्हणजे निदान त्याच्या तालुक्याच्या घोडेगावच्या न्यायालयाचे नाव तरी येऊ शकते. लवादात मात्र १९९६ च्या लवाद आणि सलोखा कायद्याप्रमाणे करारात ज्या शहराचे नाव, त्या शहराच्या न्यायालयाचा अधिकार. व्यवहाराचा त्या शहराशी काडीचा संबंध नसला तरी चालेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविले. निवाड्याची बजावणी मात्र मालमत्ता जेथे असेल तेथे थेट करता येते, असे २०१८ साली ठरले. सुनावणी दूर राहिली तरी जप्ती घरी येते. आणि थळ जिल्ह्यातलेच असले तरी लवादासंबंधीचे अर्ज जिल्ह्याच्या मुख्य दिवाणी न्यायालयापुढेच चालत असल्याने जुन्नरच्या माणसाला गावचे न्यायालय सोडून नव्वदएक किलोमीटरवरचे पुणे गाठावे लागते. खर्चाविषयी एवढेच की, २०१५ च्या दुरुस्तीने जोडलेल्या नमुना अनुसूचीत पाच लाखांपर्यंतच्या वादासाठी लवादाची फी पंचेचाळीस हजार रुपये दाखविली आहे. पेशव्यांची हरकी जिंकल्यावर द्यावी लागे.

म्हणून लवाद टाकाऊ, असा निष्कर्ष काढणारा मी नव्हे. जुन्नरच्या द्राक्षबागेतून रॉटरडॅमला माल पाठविणाऱ्या निर्यातदाराने करारात लवादाचे कलम घातले नाही, तर मी त्याला गैरसावध म्हणेन. पुण्याच्या न्यायालयाचा हुकूमनामा नेदरलँड्समध्ये चालविणे दुर्घट, परंतु १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाचा निवाडा तेथे वठविता येतो. तो निर्यातदार आणि तो खरेदीदार समबल आहेत, दोघांपुढे करार वाचण्यास वेळ आहे, दोघेही थळावर घासाघीस करू शकतात. हीच जुन्या राजीनाम्याची परिस्थिती. गाडीच्या कर्जदाराच्या बाबतीत ती नाही, आणि म्हणून त्याच्यासाठी सावकाश चालणारे घोडेगावचे न्यायालय वेगवान लवादापेक्षा श्रेष्ठ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्यानेच लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगून पंच नेमण्याचा अर्धा प्रश्न सोडविला. थळाचा प्रश्न तसाच आहे.

त्याचे उत्तर कायद्यात नाही असेही नव्हे. १९९६ च्या कायद्याचे २० वे कलम म्हणते की, लवादाचे ठिकाण ठरविण्यास उभय पक्ष मोकळे आहेत, आणि त्यांनी ते ठरविले नसेल तर पक्षकारांची सोय ध्यानात घेऊन लवादाने ते ठरवावे. तेव्हा ट्रॅक्टरच्या किंवा गाडीच्या कागदांवर सही करण्यापूर्वी, वाचकहो, शेवटच्या पानांपैकी एकावर छापलेले ते परक्या शहराचे नाव शोधा, त्यावर रेघ ओढा, तेथे ‘पुणे’ असे लिहून मागा, आणि समोरच्या माणसाचीही त्या दुरुस्तीवर सही घ्या.