सदृश

आमच्या नांदेडकडं अवर्षण, टंचाई आणि दुष्काळ हे तीन शब्द एकाच अर्थानं चालतात. बातमीत, व्हॉट्सअ‍ॅपवर, भाषणात. बोलण्यात त्यानं कुणाचं अडत नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घावरून लोकांवर खेकसणारे मला तसेही आवडत नाहीत. पण हे प्रकरण शुद्धलेखनाचं नाही. या तीन शब्दांत दोष कुणाकडं जातो, ते वेगवेगळं आहे.

अवर्षण म्हणजे पाऊस न पडणं. त्यात आभाळाशिवाय कुणाचा हात नाही. टंचाई म्हणजे पुरेसं नसणं. तिथं ‘मग जे होतं ते कुणाला मिळालं?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. दुष्काळ म्हणजे माणसांवर आलेला वाईट काळ. अवर्षण पर्जन्यमापकानं मोजता येतं, दुष्काळासाठी गावात जावं लागतं.

माझं पोट कोडिंगवर चालतं. ‘पाऊस शून्य’ आणि ‘नोंदच नाही’ या दोन्हींसाठी डेटाबेसमध्ये शून्यच टाकलं, की पुढची प्रत्येक सरासरी खोटी येते. वाईट म्हणजे, कुठलं शून्य खरं होतं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

2016 चं लातूर आठवा. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, पाच लाख लिटर घेऊन. आणि सरकारी कागदावर शब्द काय होता? ‘दुष्काळसदृश परिस्थिती’. मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेलं, तेव्हा कुठं मे महिन्यात सरकारनं सांगितलं की ‘दुष्काळसदृश’ असेल तिथं ‘दुष्काळ’ वाचावं. 29 हजारांहून जास्त गावांचा प्रश्न होता. शब्द बदलला त्या दिवशी विहिरीतलं पाणी जेवढं होतं तेवढंच होतं.

सवलती ‘सदृश’लाही दिल्या होत्या, असं कुणी म्हणेल. काही दिल्या होत्या, खरंय. मग शब्द द्यायला काय जड जात होतं? कुठंतरी रेषा ओढावी लागते हे मला मान्य आहे. पैसेवारी 50 पैशांच्या आत आली की दुष्काळ, ही रेषाच होती. रेषेशी भांडता येतं, मोजणी चुकली म्हणता येतं. ‘सदृश’शी कसं भांडणार? 2018 च्या ऑक्टोबरात तो परत आला: आधी 180 तालुक्यांत दुष्काळसदृश, मग आठवड्याभरात 151 तालुक्यांत दुष्काळ.

पण सगळं सरकारवर ढकलून आपण सुटत नाही. मांजरेच्या खोऱ्यात ऊस उभा असतो, बोअर खोल खोल जातात, आणि नळ कोरडा पडला की आपण म्हणतो, ‘दुष्काळ आहे, काय करणार?’ म्हणताना नजर वर आभाळाकडं जाते. म्हणजे तोंडात दुष्काळ असतो आणि मनात अवर्षण. बिचारी टंचाई, जिच्यात हिशेब मागता आला असता, ती मधल्या मध्ये गायब.

गावाकडची म्हातारी माणसं अजून फरक करतात. बहात्तरला विहिरीला पाणी होतं, पण ज्वारी नव्हती, असं ती सांगतात. आता दुकानात धान्य आहे आणि दारात टँकर.