पुरेसं म्हणजे किती?

वस्तू जुनी कधी होते? कुदळीचा दांडा मोडला तर आपण दांडा बदलतो, कुदळ फेकत नाही. कॉम्प्युटर मात्र काहीच न मोडता जुना होतो. शहापुरातल्या आमच्या घरच्या डेस्कटॉपला दहा-बारा वर्षं झाली. रॅम 4 जीबी. मुरबाडहून शिकायला आलेली भाची त्यावर अभ्यास करते. एक व्हिडिओ आणि दोन पीडीएफ उघडल्या की माऊसचा बाण जागच्या जागी गोठतो. कल्याणच्या दुकानदारानं सांगितलं, "दादा, यात कशाला पैसे घालता? नवाच घ्या." त्याचा हेतू वाईट नव्हता. प्रश्न एवढाच की या यंत्राला अपुरं ठरवलं कुणी?

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. ओट्यावर जागा उरली नाही की एक डबा आत ठेवायचा, मग दुसरा काढायचा. फरक इतकाच की इथलं फडताळ ओट्यापेक्षा ढोबळमानानं लाखपट लांब आहे. यंत्र मंदावतं ते या येरझाऱ्यांमुळे. म्हणजे यंत्र थकलेलं नसतं, ओटा भरलेला असतो.

आता हिशेब पाहा. विंडोज 95 ला किमान 4 एमबी रॅम लागायची. 2021 च्या विंडोज 11 ला किमान 4 जीबी लागते. सव्वीस वर्षांत हजारपट. त्याच 1995 साली निकलाउस विर्थ या संगणकशास्त्रज्ञानं तक्रार केली होती की यंत्रं जितक्या वेगानं जलद होतात, त्याहून अधिक वेगानं सॉफ्टवेअर मंद होतं. जागा वाढली की ती भरणारे तयारच असतात.

पण ही सगळी वाढ म्हणजे हाव, असं म्हणणंही अन्यायाचं होईल. तेव्हाच्या कॉम्प्युटरवर टाइप केलेला मराठी मजकूर दुसरीकडे वाचायचा तर नेमका तोच फॉन्ट तिथे असावा लागे. आज भाची मराठीत लिहिते आणि ते कुठेही उमटतं. यामागे युनिकोड आहे, फॉन्ट आहेत, अक्षरं जोडणारी यंत्रणा आहे, आणि या सगळ्याला जागा लागते. ही वाढ गरजेची. नुसतं पान वाचताना मागे धावणाऱ्या जाहिराती आणि आपल्यावर नजर ठेवणारे प्रोग्रॅम, ही दुसरी वाढ. दोन्ही एकाच ओट्यावर बसतात आणि भाडं मात्र आपण भरतो.

शहापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तानसा धरण 1892 चं. भातसाही याच तालुक्यातलं. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा इथून जातो आणि एप्रिल-मे महिन्यांत इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. शहराची तहान खोटी आहे असं कुणीच म्हणत नाही. पण साठा वाढवण्याची चर्चा जेवढी होते, तेवढी किती वापरायचं याची होत नाही. आणि किती पुरे हे ज्याच्या हाती नळ आहे तोच ठरवतो. 4 जीबी अपुरी आहे हे ठरवणारा माणूसही बहुधा 32 जीबीच्या यंत्रापुढे बसलेला असतो.

मी जुन्या डीडीआर 3 जातीची 4 जीबीची आणखी एक पट्टी मिळवून बसवली. नव्या डीडीआर 4 ची पट्टी या बोर्डात बसतच नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते आणि तिला वीजही कमी दाबाची लागते. एवढ्यानं भाचीचं काम सुरळीत चालू लागलं. एक धडधाकट यंत्र भंगारात जायचं टळलं, आणि भंगारातलं तांबं-सोनं काढताना धूर ज्यांच्या छातीत जातो, त्यांचा भार तेवढ्यापुरता कमी झाला.

यानं मूळ प्रश्न सुटत नाही, हे मला कळतं. काही वर्षांनी 8 जीबीही अपुरी ठरेल. म्हणून काटकसरीची जबाबदारी एकट्या वापरणाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं गावातलं जुनं यंत्र डोळ्यांपुढे ठेवणं, हा नुसता कौशल्याचा भाग नाही, तो नीतीचा भाग आहे. आपण वापरतो ती जागा दुसऱ्या कुणाची तरी असते. ती मागताना कारण सांगता आलं पाहिजे.