दोन जागांचा करार

१९९० साली बोस्नियात आदिल झुल्फिकारपाशिच इझेत्बेगोविच यांच्या पक्षातून बाहेर पडले. राजकारणात धर्म मिसळणं त्यांना पटेना. त्यांनी ‘मुस्लिम बोस्नियाक संघटना’ काढली. निवडणुकीत जागा मिळाल्या दोन!

तरी १९९१च्या उन्हाळ्यात याच पक्षाने सर्ब नेत्यांशी करार जुळवला: बोस्निया अखंड राहील, पण युगोस्लाव्हियातच. इझेत्बेगोविच आधी हो म्हणाले, मग फिरले. १९९२ला युद्ध पेटलं, सुमारे एक लाख माणसं गेली.

दोन जागांवाल्याने सगळ्यांच्या वतीने बोलावं का? मला वाटतं, बोलणी करायला मतं लागत नाहीत, सही करायला लागतात. शिवाय समोर मिलोशेविच. त्याचा शब्द किती दिवस टिकला असता? पण ज्यांच्याकडे मतं होती, त्यांच्याकडे तरी दुसरा कुठला कागद होता?