उतारा एकाचा, घाम दुसऱ्याचा

सरकार शेतकऱ्याला मदत देते, तेव्हा शेतकरी म्हणावे कोणाला? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला, की जो ती कसतो त्याला? हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत तो एकदा फार कडूपणे विचारला गेला.

महामंदीत तेथे कापसाचे भाव कोसळले. पीक कमी करून भाव सावरावा म्हणून १९३३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने कायदा केला. त्या वर्षी सुमारे एक कोटी एकरांवरील उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. पुढे जमीन पडीक ठेवण्याबद्दल पैसे मिळू लागले. हेतू वाईट नव्हता. पण करार झाला तो जमीनमालकाशी. आर्कान्सा राज्यातील पॉइन्सेट परगण्यात कापूस पिकवीत ते वाटेकरी. त्यांचा जो थोडा हिस्सा ठरला होता, तोही पुष्कळ मालकांनी जुन्या कर्जापोटी वळता करून घेतला. शिवाय जमीन पडीक राहिल्यावर वाटेकरी हवेत कशाला? कित्येक कुटुंबांना घर सोडावे लागले. शेतकऱ्यासाठी निघालेल्या मदतीनेच शेतकरी बेघर झाला.

जुलै १९३४ मध्ये टायरोन्झा गावाजवळच्या एका शाळेत ११ गोरे व ७ कृष्णवर्णीय पुरुष जमले. संघ एक असावा की दोन, असा प्रश्न निघाला. ज्या मुलखात उपासनाही वेगवेगळ्या होत, तेथे त्यांनी एकच संघ स्थापन केला. दुःख एक होते, म्हणून संघही एक.

आता आपल्याकडे पाहू. तेलंगणात २०१८ साली सुरू झालेल्या 'रयतु बंधू' योजनेत प्रथम एकरी ४,००० रुपये दर हंगामास मिळत. पैसे मालकाच्या खात्यात जात. खंडाने कसणारा त्यातून वगळला होता. २०१९ च्या 'पंतप्रधान किसान सन्मान' योजनेचे वर्षाचे ६,००० रुपयेही जमिनीच्या नोंदीवरूनच मिळतात.

कोणी म्हणतील, "सरकारने नोंदीवाचून ओळखावे कसे? आणि खंड कागदावर लिहून दिला, तर उद्या कूळ लागायचे!" ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. मालकालाही कर्ज असते, घरखर्च असतो. पण कायद्याने पैसा आपल्या हाती आला, एवढ्यावरून तो सर्वस्वी आपला ठरतो काय? पेरणीच्या खर्चासाठी आलेली रक्कम पेरणाऱ्याला देण्यास कोणताही कायदा आडवा येत नाही. त्यासाठी कागद लागत नाही, मन लागते.

आपल्यापैकी कित्येकजण नोकरीनिमित्त शहरात राहतात आणि गावची जमीन दुसरा कोणी कसतो. त्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरड करते आणि ती ओरड प्रभूच्या कानी जाते, असे याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात बजावतो. तो हे जमिनीच्या धन्यांना सांगत होता.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी रूथची गोष्ट सांगताना मुलांना एवढे अवश्य विचारावे: शेत बवाजाचे होते, मग धान्य वेचण्याचा हक्क रूथला कोणी दिला? मुले उत्तर देतील. ते आपणही ऐकावे.