अंदाजपत्रक आणि तळ्याचें पाणी

मार्च अखेर आली म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून मोठी धांदल उडते. वर्षाचा हिशेब 31 तारखेस मिटतो. तोंवर मंजूर रक्कम खर्ची न पडली तर ती परत जाईल या भीतीनें कोठें कोठें वर्षभर न आठवलेलीं टेबलें, कपाटें व कागदांचे गठ्ठे घाईघाईनें खरेदी होतात. हें पाहून आपल्यांतील कित्येक भाविक म्हणतात, "हा सरकारचा कारभार, आत्म्याशीं याचा काय संबंध?" आम्हांस तसें वाटत नाहीं. लोकांचा पैसा कागदावर नेमून दिला म्हणजे कारभाऱ्याचें कर्तव्य पुरें होतें काय, हा प्रश्न धर्माचाच आहे.

महाड तालुक्यांत सावित्रीच्या कांठीं दासगांव आहे. 25 डिसेंबर 1927 रोजीं, आपल्या मंडळ्या नाताळाचा सण पाळीत असतां, डॉ. भीमराव आंबेडकर मुंबईहून बोटीनें येऊन या बंदरावर उतरले. सत्याग्रहासाठीं जमलेले हजारों लोक तेथें त्यांची वाट पाहत होते. त्यांचें मागणें एवढेंच होतें कीं, महाडच्या चवदार तळ्याचें पाणी इतर रहिवाशांप्रमाणें आम्हांसही भरूं द्यावें.

वास्तविक तें अगोदरच मंजूर झालें होतें! रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या सूचनेवरून मुंबई कायदे कौन्सिलानें 4 ऑगस्ट 1923 रोजीं ठरविलें कीं, सार्वजनिक पैशानें बांधलेलीं वा राखलेलीं पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावे. त्यास अनुसरून 1924 सालीं महाड म्युनिसिपालिटीनेंही तळें सर्वांस खुलें केलें. परंतु तें कागदावर उघडलें आणि कांठावर बंदच राहिलें. 20 मार्च 1927 रोजीं लोकांनीं तेथील पाणी प्राशन केलें, तेव्हां त्यांस मार खावा लागला. त्याच ऑगस्टांत म्युनिसिपालिटीनें आपला ठराव मागें घेतला. 17 मार्च 1937 रोजीं मुंबई हायकोर्टाचा निकाल लागेपर्यंत पहिल्या ठरावास तेरा वर्षांवर काळ लोटला होता.

मध्यंतरीं, 1926 सालीं, बोले यांनीं दुसरा ठराव मांडला: ज्या स्थानिक संस्था पहिला ठराव अमलांत आणीत नाहींत त्यांची सरकारी ग्रँट बंद करावी. हें न्यायाचें आहे काय? कोणी म्हणेल, ग्रँट थांबली तर प्रथम गरिबाचीच शाळा व गरिबाचाच दवाखाना बुडेल. ही शंका खोटी नव्हे. म्हणून ग्रँट थांबविणाऱ्यानें आधीं स्वतः पाणवठ्यावर जाऊन पाहावें, आणि आजाऱ्याचें औषध व मुलाची पाटी यांवर हात टाकूं नये. परंतु सर्वांकडून कर घेऊन कांहींजणांस दार लावणाऱ्याला जो कांहीं न विचारतां दरवर्षीं पैसा देत राहतो, तो त्या अन्यायांत भागीदार होतो, असें आम्हांस वाटतें.

1950 सालीं अमलांत आलेल्या संविधानानें हें तत्त्व पक्कें केलें. सरकारी पैशानें पूर्णतः वा अंशतः राखलेल्या विहिरी व तळीं जातीच्या कारणानें कोणास बंद करतां येत नाहींत. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेस केवळ धर्म वा जात पाहून मुलास परत धाडतां येत नाहीं. 1854 च्या खलित्यानंतर आपल्या मिशन शाळांनींही ग्रँट घेतली. तेव्हां हा नियम आपणांसही लागू आहे.

प्रेषितांच्या काळीं यरुशलेमेंत रोजची वांटणी चालत असे, तरी ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात. प्रेषितांनीं कुरकूर करणाऱ्यांस दटाविलें नाहीं; वांटणी नीट व्हावी म्हणून सात माणसें नेमिलीं. आमच्याकडून मात्र तसें झालें नाहीं. एका वर्षीं आमच्या मंडळीच्या गरीब फंडांत रक्कम उरली. वर्ष संपत आलें म्हणून आम्हीं व पंचांनीं मिळून मंदिरासाठीं नवी सतरंजी आणिली. मागाहून कळलें कीं, लांबच्या वाडींतील एका विधवेनें सारा पावसाळा गळक्या छपराखालीं काढिला होता. अर्ज लिहून आणावा असें तिला सांगण्यांत आलें होतें, आणि तिला लिहितां येत नव्हतें. प्रत्येक पैशाची पावती आमच्यापाशीं होती. हिशेब तपासणाऱ्यास एकही चूक सांपडली नाहीं. तरी त्या सतरंजीवर गुडघे टेकतांना आम्हांस आजही लाज वाटते.

यास्तव, बंधुभगिनींनो, यंदा मंडळीचा हिशेब वाचला जाईल तेव्हां किती खर्च झाला एवढेंच ऐकून उठूं नका. कोणापर्यंत पोहोंचला नाहीं हेंही विचारा. ग्रामसभेंतही बसा. ग्रामपंचायतीनें उत्पन्नाचे 15 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठीं खर्चावे असा दंडक आहे. ते कोठें खर्च झाले हें नम्रतेनें विचारा, आणि आपल्या मंडळीबाहेरच्या शेजाऱ्यासाठींही विचारा. ज्याला अर्ज लिहितां येत नाहीं, त्याचा अर्ज आपण लिहून द्या. कारभाऱ्याच्या दाखल्यांत धनी हिशेब मागतो. तो आपणांसही मागेल, आणि तेव्हां केवळ पावत्या पुढें करून भागणार नाहीं.